खोलीसाठी दिलेली देणगी
ज्वारीच्या पोत्यात घातलेल्या वाळक्या कडुनिंबाचा वास आला की मला इंदापूरकडच्या एका मुलींच्या वसतिगृहाचं कोठार आठवतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीहून मी धर्मादाय संस्थांचे हिशेब तपासायला जायचो. त्या दुपारी कोठारात संस्थेच्या सचिवांसमोर, तात्यांसमोर बसलो होतो, आणि न कळवता एक म्हातारे देणगीदार दारात उभे राहिले. वारलेल्या बायकोच्या नावानं खोली बांधायला त्यांनी पैसे दिले होते. "अजून पाया बी न्हाय. पैसं हायत न्हवं बँकेत?" त्यांनी मलाच विचारलं. पैसे नव्हते. सरकारी अनुदान रखडलं तेव्हा तात्यांनी त्यातून ज्वारी भरली होती, आणि "तूर्त वळवा, अनुदान आलं की परत भरा," असं मीच त्यांना तोंडी सांगितलं होतं. आधी देणगीदाराची लेखी संमती लागते, हे सांगायला मी विसरलो होतो. पत्र्याखाली उकडत होतं. तात्या माझ्याकडे पाहत राहिले. मी म्हणालो, "मी फक्त तपासतो. खर्च यांनी केलाय." तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "व्हय आबा, मीच काढलं. पोरींच्या पोटात गेलं. सायबांचा काय संबंध न्हाय." म्हातारे पोत्याला टेकून खाली बसले. "इचारलं असतं तर मी न्हाय म्हनलो असतो व्हय, तात्या?" पुढं विश्वस्तांनी तात्यांना काढलं. हल्ली मी प्रत्येक सल्ला लेखी देतो, लोक मला काटेकोर म्हणतात. तो सल्ला माझा होता, हे तात्यांनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मीही नाही, आजपर्यंत.