गोटीरामचा डबा

इगतपुरीच्या डोंगराकडच्या वाडीत गोटीरामचा डबा सगळ्यांना ठाऊक होता. थंडी पडली की नाशिकचे शिकारी परवाना घेऊन जीपमधून येत, आणि हाका घालून रान उठवायला, म्हणजे जनावर खाली दबून बसलेल्या बंदुकांकडे हाकलायला, गोटीरामला बोलावणं जाई. हाका म्हणजे नुसती बोंबाबोंब नव्हे. माणसांची रांग सरळ राहिली पाहिजे. काटेरी जाळी टाळून जो वळसा घालतो, त्याच्याच बाजूनं जनावर निसटतं. गोटीराम घासलेटचा रिकामा डबा बडवत जाळीतून सरळ जाई. अंग ओरखडून निघे, पण रांग मोडत नसे.

मग नवा कायदा आला. शिकारीचे परवाने बंद झाले, जीप यायची थांबली. गोटीरामचं कामच गेलं. त्याच सुमारास वनखात्याला पाणवठ्यावर राखणदार हवा होता. रेंजरसाहेब त्याला म्हणाले, "आधी दोन सकाळी माझ्याबरोबर बस. जमलं तर ठेवतो."

पहिल्या सकाळी बूड टेकायला म्हणून गोटीरामनं डबाच बरोबर नेला. दोघं करवंदीच्या आड बसले. ऊन चढायच्या आत एक भेकर झाडीतून बाहेर आलं. गोटीराम ताडकन उठला आणि डबा बडवत सुटला. "निघालं, निघालं, खालच्या अंगाला!"

भेकर तर गेलंच, पाण्यावरचे बगळेही उडाले.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे, खालच्या अंगाला बंदूक घेऊन बसलंय कोण?"

"कोनी नाय, साहेब. हात आपसूक चालला."

"उद्या हात चालला, तर तूही चालायला लाग. घरी."

भागुबाईनं नवऱ्याचं सगळं ऐकून घेतलं. "घरात हाक मारली तर ओ देत नाय, आन् तिथं रान उठवता," असं म्हणत तिनं डबा ओढून घेतला आणि त्यात नाचणी भरून टाकली.

दुसऱ्या सकाळी गोटीराम दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. जाळीतून सरळ जाणं यापेक्षा सोपं होतं. पायाला मुंग्या आल्या, नाकावर माशी बसली. तो हलला नाही. भेकर आलं, पाणी प्यायलं, मान वर करून त्याच्याकडे बघत राहिलं. हाका घालणाऱ्याला जनावराची पाठच दिसते. इतक्या वर्षांत तोंड आज दिसलं.

भेकर सावकाश निघून गेलं तेव्हा साहेब म्हणाले, "उद्यापासून ये कामाला."

गोटीराम उठेना.

"काय रे, नको का काम?"

"तसं नाय, साहेब. हात बधिर झाल्यात, टेकून उठता येत नाय. कालच झाले असते तर बरं झालं असतं."