मामाच्या चहाला एक स्टार

गुलमंडीतून शहागंजकडे जाताना उजव्या हाताला एक चिंचोळं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे काय, तर थोडी बाकडी, एक भट्टी, भज्यांची कढई आणि दारातच पाण्याचा रांजण. रस्ता रुंद झाला तेव्हा ते पडलं. आता तिथं दुभाजक आहे. तरी स्कूटर तिथं आली की माझा पाय आजही ब्रेककडे जातो.

मालकाला आम्ही मामा म्हणायचो. मामा अजिंठ्याच्या बाजूचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. आमच्या लहानपणी एक मोठा दुष्काळ पडला, तेव्हा चारा नाही, पाणी नाही म्हणून त्यानं कळप विकला आणि शहरात येऊन चहाची भट्टी पेटवली. "मेंढरं आन गिऱ्हाईक सारखंच," तो म्हणायचा. "दोन्ही एकामागं एक येत्यात. फक्त मेंढरं चहाला नावं ठेवत नायत."

नावं ठेवण्याचं काम आमचं होतं. मी तेव्हा गुलमंडीत एका कापडाच्या दुकानात बिलं लिहायचो. आजूबाजूच्या दुकानांतले माझ्याच वयाचे आणखी दोघं-तिघं होते. दुपारी ऊन कलायला लागलं की आम्ही मामाच्या बाकड्यावर जमायचो आणि पहिला घोट घेतला की कुणीतरी सुरुवात करायचा.

"मामा, जायकवाडीत किती पाणी राह्यलंय?"

"का रं?"

"नाय, सगळं हितं कपातच आल्यासारखं वाटतंय."

"तुझ्या बापानं म्हैस पाठवली व्हती का दुधाला? पी गुमान!"

बाकड्यावरचे अनोळखी लोकसुद्धा हसायचे. खरं सांगायचं तर उन्हाळ्यात मामाचा चहा पातळच व्हायचा. फुलंब्रीकडून येणारं दूध कमी पडायचं. पण टोमण्याचा आणि चहाच्या चवीचा संबंध नव्हता. पावसाळ्यात दाट चहा मिळाला तरी आम्ही "मामा, चहा हाय का बासुंदी? पाणी संपलं काय?" असं म्हणायचोच.

एकदा एक सभ्य गृहस्थ चहा पिऊन गेले. जाताना म्हणाले, "चहा फार छान होता हं." मामानं त्यांच्या पाठीकडं बघितलं आणि मान हलवली.

"गेला. ह्यो काय परत येत नाय."

"का मामा? चांगलं म्हणाला की."

"गोड बोलून जातो तो पाव्हणा. नावं ठिवतो तो घरचा."

हा त्या हॉटेलचा कायदाच होता. मला वाळूजला कंपनीत नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन गेलो. मामानं एक तोंडात टाकला. "खवा शिळा हाय. नोकरीबी अशीच निघायची," असं म्हणाला आणि बसलेल्या सगळ्यांना स्वतःकडून चहा दिला. इतका मनापासूनचा आशीर्वाद मला त्या दिवशी दुसरीकडे कुठंच मिळाला नाही.

पुढं माझं लग्न झालं, फ्लॅट झाला. शहर चारी बाजूंनी सुटलं. जिथं आम्ही हुरडा खायला जायचो तिथं बिल्डिंगी उभ्या राहिल्या. रुंदीकरणात मामाचं हॉटेल गेलं आणि त्यानं बीड बायपासच्या पलीकडं, नव्या सोसायट्यांच्या मधोमध एक गाळा भाड्यानं घेतला. तिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं. सगळी माणसं बाहेरून आलेली, मोबाईलवर बघितल्याशिवाय कुठं पाण्याचा घोट न घेणारी. त्यात ते वर्ष पुन्हा दुष्काळाचं. नळाला कितीतरी दिवस पाणी यायचं नाही. टँकरचा हॉर्न वाजला की बायका हांडे घेऊन जिना उतरायच्या आणि टँकरचं पाणी कुठलं आहे, यावरून रोज भांडणं व्हायची.

मामाची मुलगी कॉलेजात होती. तिनं हॉटेलचं नाव मोबाईलच्या नकाशावर टाकलं आणि मला फोन केला. "दादा, चार शब्द लिहा ना. तुमच्या मित्रांनाही सांगा. इथल्या लोकांना बाबांची ओळखच नाही."

मी कंपनीच्या कँटीनमध्ये होतो. फार दिवसांनी मामाची आठवण निघाल्यामुळं माझं मन एकदम गुलमंडीच्या त्या बाकड्यावर जाऊन बसलं आणि बोटं आपोआप चालली. मी लिहिलं: "टँकर आला की इथं चहा मिळतो. नाही आला तर नुसतं दूध. भजे परवाचे, मालक त्याहून जुना आणि खडूस. पोट सांभाळून या." आणि एक स्टार दिला. पाच स्टार देणं म्हणजे मामाला पाव्हण्यासारखं वागवणं, असं मला खरोखर वाटलं होतं. मग मी ते जुन्या मित्रांच्या ग्रुपवर टाकलं. त्यांनाही चेव आला. एकानं रांजणात बेडूक आहे असं लिहिलं, दुसऱ्यानं चहाची पावडर निजामाच्या काळातली आहे असं लिहिलं. सगळ्यांचा एक-एक स्टार. संध्याकाळपर्यंत आम्ही एकमेकांचं वाचून हसत होतो. कितीतरी वर्षांनी आम्ही सगळे पुन्हा मामाच्या हॉटेलात बसलो होतो. फक्त मामा तिथं नव्हता, हे कुणाच्याही लक्षात आलं नाही.

मी त्या गाळ्यावर गेलो तो उन्हाळा संपता संपता. बाकडी रिकामी होती. रस्त्याच्या पलीकडं काचेचं नवं चहाचं दुकान होतं, तिथं मात्र गर्दी होती. मामा भट्टीजवळ बसून वारा घेत होता.

"ये भाच्या. बरं झालं आलास. मला एक वाचून दाखव."

समोरच्या मोठ्या सोसायटीनं त्याला रोजचा चहा-नाश्ता द्यायचं कबूल केलं होतं. सोसायटीचं ऑफिस, वॉचमन, बांधकामावरचे लोक, असं सगळ्यांचं मिळून. त्या एका कामावर गाळा तरला असता. मामानं मोठं पातेलं आणि नवी किटलीही आणून ठेवली होती. मग सेक्रेटरी आले आणि म्हणाले, जमणार नाही, तुमची गिऱ्हाइकंच काय लिहितात ते मोबाईलवर बघा.

"पोरगी वाचून दाखवत नाय," मामा म्हणाला. "म्हणती, सोडा बाबा. मला ही बारीक अक्षरं दिसत नायत. तू वाच."

त्यानं मोबाईल माझ्या हातात दिला. सगळ्यात वर माझंच होतं.

मी वाचलं. आवाज शक्य तितका सपाट ठेवून वाचलं. "टँकर आला की इथं चहा मिळतो..." मामाचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता. "नाय आला तर नुसतं दूध!" त्यानं मांडीवर थाप मारली. "पुढं वाच." मी बेडूक वाचला, निजामाची पावडर वाचली. मामाच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. "आरं, हे तर आपल्यातलंच कुणीतरी..."

तो थांबला. माझ्याकडं बघितलं. भट्टीवर दूध उतू गेलं तरी त्यानं हात पुढं केला नाही. शेवटी मीच उठून पातेलं खाली घेतलं.

"मामा, चेष्टा होती," मी म्हणालो.

"ते कळलं रं मला." त्याचा आवाज चढला नव्हता. "तोंडावर बोलला असतास तर मी तुझा बाप काढला असता. चार लोक हसले असते, आन त्यातला एखादा उद्या परत आला असता. हितं मी कुठंय? तुम्ही बोलून मोकळे झाला. मला बोलायला जागाच ठिवली नाय."

मी तिथंच बसून माझं लिहिलेलं काढून टाकलं. मित्रांना फोन केले, त्यांनीही काढलं. पण तोवर त्याचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरले होते. मी सेक्रेटरींकडं गेलो. त्यांनी मला बसवलं, शांतपणे ऐकून घेतलं. "चेष्टा असेल हो," ते म्हणाले. "पण मागच्या महिन्यात आमच्याकडं दोन मुलांना कावीळ झाली. पाण्याच्या बाबतीत आम्ही रिस्क घेत नाही." त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

मग मी पाच स्टार द्यायला निघालो. मोठा परिच्छेद लिहिला आणि आधी मामाच्या मुलीला दाखवला. तिनं तो पूर्ण वाचला.

"दादा, आता राहू द्या," ती म्हणाली. "कालपर्यंत शिव्या आणि आज एवढी स्तुती. लोक म्हणतील, सांगून लिहून घेतलं."

दिवाळीच्या आधी गाळा बंद झाला. माझी बायको म्हणते, तुमच्या लिहिण्यानं कुठं हॉटेल बुडतं? जागा आडबाजूला होती, समोर काचेचं दुकान आलं होतं, मामाचा चहा पातळच होता. हे सगळं खरं आहे. पण त्या नव्या वस्तीत मामाला ओळखणारे फक्त आम्ही होतो, आणि आम्ही त्याची अशी ओळख करून दिली. आता कुठल्याही हॉटेलात वाईट चहा मिळाला तर मी काउंटरवर जाऊन सांगतो. मालक चिडतो, भांडतो. मला ते बरं वाटतं.

मागच्या हिवाळ्यात मी मामाच्या गावी गेलो. अजिंठ्याच्या अलीकडं मुख्य रस्ता सोडून आत जावं लागतं. मामा अंगणात लिंबाखाली बाजेवर बसला होता. चार शेळ्या बांधलेल्या. मला बघून तो उठला.

"या साहेब. बसा."

माझ्या आयुष्यात मामा मला कधी 'साहेब' म्हणाला नव्हता. मी बाजेच्या काठावर बसलो. कामाधामाच्या, पोराबाळांच्या गोष्टी झाल्या. मुलीला सिल्लोडला नोकरी लागली आहे, हे कळलं. मामीनं आतून चहा पाठवला. चहा दाट होता, आलं घातलेला, गुलमंडीत कधी मिळाला नाही असा. 'मामा, चहा फार छान झालाय' हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले आणि तिथंच अडकले. मामा स्वतःची बशी हातात धरून माझ्याकडं बघत होता. तो पीत नव्हता. तो थांबला होता.

एवढं सगळं झाल्यावर त्याच्या दारात बसून त्याच्या चहाला नावं ठेवायची कुठल्या तोंडानं? मी आणखी एक घोट घेतला.

"मामा," मी म्हणालो, "यंदा विहिरीला पाणी चांगलं लागलेलं दिसतंय."

मामानं बशी खाली ठेवली. "का रं?"

"नाय, सगळं कपातच उतरलंय."

एक शेळी खुंट्याभोवती फिरून अडकली होती, तिचा दोर मामानं सावकाश सोडवला.

"तुझ्या बापानं म्हैस पाठवली व्हती का दुधाला?" तो म्हणाला. मग घराकडं तोंड करून ओरडला, "अगं, अजून एक कप टाक! नुसतं पाणीच टाक, ह्याला चालतं!"