फुंकणी नव्हे, सरता

आमच्या तालुक्याच्या गावी एक संग्रहालय आहे. जुन्या धर्मशाळेच्या दोन खोल्या, आणि किल्ली शेजारच्या किराणा दुकानात. दुकानदार जेवायला गेला असेल तर पायरीवर बसून राहायचं. मुंबईला गेलेले लोक तिथल्या संग्रहालयात राजेलोकांच्या तलवारी बघून येतात आणि पुढे महिनाभर त्याच गोष्टी सांगून कान किटवतात. मला विचाराल तर या दोन खोल्या बघा. धाडच्या बाजारातलं धान्य मापायचं लाकडी माप, वडनेर भोलजीच्या कोणाच्या तरी नांगराला लागलेली दगडी देवी, बैलांच्या घुंगुरमाळा, सगळं हाताच्या अंतरावर आहे आणि कोणी हटकत नाही. बघण्यासारखं आहे, हे मी नाकारत नाही. पण त्या संग्रहालयाचं नाव निघालं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. नवं राज्य, त्यामुळे जो तो काहीतरी स्थापन करत होता. गावातल्या चार प्रतिष्ठितांनी समिती केली आणि संग्रहालय काढायचं ठरवलं. मी हायस्कुलात चित्रकला शिकवायचो, अक्षर बरं होतं, म्हणून वस्तूंखालच्या पुठ्ठ्याच्या पाट्या लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर मी ते आनंदानं पडू दिलं. सुटीच्या दिवशी सायकल काढून पिंपळगाव राजापर्यंत हिंडलो, लोकांच्या माळ्यावरून वस्तू उतरवून आणल्या.

माझ्या मायनं सरता दिला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सरता म्हणजे कमरेएवढी पोकळ बांबूची नळी. खालचं टोक तिरपं कापलेलं, वर मुठीएवढी लाकडी वाटी. पुढे पुरुष तीन फणांची तिफण हाकतो, तिला दोरीनं सरता बांधलेला असतो, आणि तो धरून मागे बाई चालते. तिच्या ओटीत तुरीचं बियाणं. मूठ वाटीवर धरायची आणि बोटांच्या फटीतून दाणा सोडत जायचा. मूठ आवळली तर तासात, म्हणजे पेरणीच्या ओळीत, खाडे पडतात, सैल सुटली तर दाटी होते, आणि दोन्हीपैकी काय झालं ते आठ दिवसांनी उगवून सगळ्या गावाला दिसतं. माझ्या मायच्या तासात खाडा नसायचा. पेरणीला लोक तिला आधी सांगून ठेवायचे. माझ्या बापाला कोणी असं बोलावल्याचं मला आठवत नाही, तिला बोलवायचे. शाळेत जायच्या आधीची दोन वर्षं मी तिच्या लुगड्याचा काठ धरून त्या तासांतून चाललो आहे. त्या वर्षी सुतारानं तिला नवा सरता करून दिला, तेव्हा जुन्याला तिनं तेल लावलं, फडक्यात गुंडाळला आणि एसटीनं स्वतः आणून दिला.

मांडणी करायला समितीनं पुण्याहून एक तज्ज्ञ साहेब बोलावले. माणूस शिकलेला होता, शिलालेख वाचायचा, त्या देवीचं शतक त्यानं उभ्या उभ्या सांगितलं. शेतात मात्र त्याचं पाऊल पडलेलं नव्हतं. सरता हातात घेऊन त्यांनी उलटसुलट केला, नळीतून आरपार पाहिलं.

"साहेब, ह्याले सरता म्हणतात," मी म्हणालो.

"ह्याला," ते म्हणाले. "ह्याले नाही, ह्याला." आणि समितीच्या अध्यक्षांकडे वळून हसले. "ऐकायला गोड वाटतं, नाही?"

अध्यक्षही हसले. अध्यक्ष इथलेच, घरी बायकोशी 'ले'च बोलणारे. पुढची दोन वाक्यं मी मनातल्या मनात पुण्याच्या मराठीत जुळवत होतो, तोवर साहेबांनी वही उघडून देणाऱ्याचं नाव पाहिलं.

"बाईंनी दिलेली दिसते. मग फुंकणी आहे ही. चुलीची."

"एवढी लांब?" अध्यक्षांनी विचारलं.

"लग्नकार्यातल्या मोठ्या चुलाणाची असणार. धग लागू नये म्हणून लांब. आणि वर ही वाटी, तोंड लावायला. लिहा."

देणारी बाई, म्हणून वस्तू चुलीची. संपला अभ्यास! माझं 'ले' त्यांनी दुरुस्त केलं आणि माझ्या मायचं सगळं शेत चुलीत घातलं. तिथल्या तिथे ओरडायला हवं होतं मी. पण पुन्हा तोंड उघडलं आणि पुन्हा 'ले' निघाला तर, या भीतीनं मी गप्प बसलो. पट्टी लावून रेघ मारली आणि लिहिलं: फुंकणी. चूल पेटविण्यासाठी. ग्रामीण स्त्रियांच्या वापरातील. अक्षर इतकं सुरेख आलं की साहेबांनी शाबासकी दिली. त्या शाबासकीनं मला बरं वाटलं, हे लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

उद्घाटनाला माय आली. नवं लुगडं, हातात पिशवी. पाहुणे बाहेर भाषणं करत होते, तेवढ्यात मी तिला आत नेलं. जातं, उखळ, मातीची चूल, आणि चुलीला टेकवून तिचा सरता. तिला वाचता येत नव्हतं, पण कोणती वस्तू कोणाशेजारी ठेवली आहे हे कळायला वाचता यावं लागत नाही.

"चुलीपाशी काऊन ठिवला रे?"

"जागा नव्हती, माय."

"अन् खाली काय लिवलं?"

"सरता लिवलं," मी म्हणालो.

ती खूश झाली. पाटीवरून तिनं बोट फिरवलं, एकेका अक्षरावरून. तेवढ्यात पाहुण्यांना घेऊन साहेब आले आणि त्यांनी पाटी मोठ्यानं वाचली. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. मग अध्यक्षांनी मायकडे बोट दाखवलं, तसे ते म्हणाले, "अरे वा, आजी, तुमचीच का ही? घ्या हातात, फुंकून दाखवा बघू पाहुण्यांना."

फोटोवाला पुढे सरकला.

मायनं सरता उचलला. तोंडाकडे नेला नाही. टोक फरशीवर टेकवलं, डावा हात नळीवर, उजवी मूठ वाटीवर, आणि त्या पाहुण्यांमधून भिंतीपर्यंत चालत गेली. रिकाम्या मुठीची बोटं दाणा सोडावा तशी हलत होती. लोक बाजूला झाले. भिंतीशी वळून ती म्हणाली, "साहेब, फुकल्यानं तूर उगवत नाई."

पाहुणे हसले. साहेबही हसले, आणि मला म्हणाले, "असं का? मग बदलून टाका पाटी." एवढंच. रस्त्यात धक्का लागल्यावर माणूस याहून जास्त बोलतो.

माय मात्र त्यांच्याकडे पाहतच नव्हती. बाहेर आल्यावर तिनं मला धरलं.

"तू तं माह्या मांगं चालला त्या तासानं. तुले मालूम होतं ना?"

"साहेबांनी सांगतलं, माय."

"अन् म्या सांगतलं असतं, तं लिवलं असतं?"

ती एसटीत बसून निघून गेली. त्याच संध्याकाळी मी सरता चुलीपासून उचलून दुसऱ्या खोलीतल्या तिफणीमागे लावला, दोरीही बांधली, आणि नवी पाटी लिहिली. सरता. तूर पेरण्याचे साधन. हे बाईच्या मुठीचे काम. आता ती पाटी बरोबर आहे, तुम्ही खुशाल जाऊन वाचा.

पुढच्या रविवारी मी गावी गेलो. "पाटी बदलली माय, चल पाहाले," म्हणालो. ती सुपात तूर पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मले वाचून कोन दाखवीन? तूच ना?"