तात्यांनी जोडलेली घरं

युसूफ वडगाव या गावचे तात्या नव्या माणसाचं नाव विचारायचे नाहीत. पहिला प्रश्न, "मामाचं गाव कोनतं?" उत्तर मिळालं की अंगणात येरझाऱ्या घालत ते तुमच्या आजीच्या माहेरापर्यंत पोचायचे. चहा निवायचा, तात्या चालतच असायचे. सोयरिकी जुळवण्यात हयात गेलेली. अर्ध्या केज तालुक्याची नाती त्यांच्या डोक्यात होती, कागदावर एक अक्षर नाही.

मला असाच माणूस हवा होता. स्किझोफ्रेनियाचा धोका कोणत्या जनुकांमुळे पिढ्यांत उतरतो, हे शोधणाऱ्या प्रकल्पासाठी मी गावोगाव वंशावळी मांडत होते, तयार असणाऱ्यांच्या रक्ताचे नमुने घेत होते. माझ्या वहीतल्या यादीत रोजची कामं खोडली जायची. 'तात्या' तीन आठवडे तसंच राहिलं. मी जे विचारत होते, ते झाकणं हाच त्यांचा धंदा. "ताई, तुमी उघडं करनार, आमी झाकनार. आपलं जमायचं कसं?" म्हणत ते मला फाटकापर्यंत पोचवायचे.

चौथ्या आठवड्यात ते स्वतःच केजच्या आमच्या प्रकल्पाच्या खोलीवर आले. दिंद्रुडला दिलेल्या त्यांच्या मुलीचा, सुमनचा, मुलगा एकोणीस वर्षांचा. दोन महिने तो एकटाच कुणाशी तरी बोलत होता, जेवणात विष आहे म्हणून ताट लोटत होता. सासरचे अंगारे लावत होते. तात्या खिडकीपासून दारापर्यंत फिरत राहिले आणि फिरता फिरता स्वतःची वंशावळ सांगू लागले. थोरला भाऊ आयुष्यभर शेतातल्या खोपीत राहिला. सुमनच्या लग्नात तो कुणाच्या दृष्टीस पडू दिला नाही. मग म्हणाले, "सुमनच्या सासऱ्याची बहीनबी तसलीच व्हती. मला ठावं व्हतं."

माहीत असून मुलगी कशी दिली, असं मी विचारलं.

"म्हनूनच दिली. दोन्ही घरात हाय, मंग कोन कुनाला टोमना मारनार? मी अशी लई घरं जोडली, ताई." ते थांबले. "माझ्यामुळं झालं का पोराला?"

सरळ उत्तर द्यायची मला सवय आहे. इथे ते नव्हतं. हा एकाच जनुकाचा खेळ नाही, पुष्कळ जनुकं असतात, प्रत्येकाचा वाटा थोडा. अशा घरांतली बहुतेक मुलं ठणठणीत राहतात. आमच्या तपासणीतून एकट्या नातवाबद्दल काही कळणार नाही. हे सगळं मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"पन भर तर घातली ना मी?"

"कदाचित," मी म्हणाले.

त्याच दुपारी त्यांनी मला दिंद्रुडला नेलं. ओसरीवर भावकी बसलेली होती. "करनी न्हाई ही," तात्या म्हणाले. "आजार हाय, आन् तो माझ्या घरातून आलाय. माझ्या भावाला व्हता. मी लपवलं." व्याह्यांच्या बहिणीचं नावही त्यांनी काढलं नाही. व्याह्यांनी पुतण्याला गाडी काढायला सांगितली. संध्याकाळी मुलगा डॉक्टरांसमोर होता. औषधांनी त्याचे आवाज हळूहळू कमी झाले.

तात्यांचं चालणं मात्र वाढलं. अशी अकरा घरं होती. नावं त्यांनी मला सांगितली नाहीत. स्वतःच एसटीने जाऊन आई-बापाला एकीकडे घेऊन सांगायचे: लेकराची झोप उडाली, ते माणसांतून उठलं, भलतंच भ्यायला लागलं, तर आधी दवाखाना. एका घराने त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. सोयरिकीला बोलावणं कायमचं बंद झालं. "आता जोडायला कोन बोलवतंय," म्हणायचे, आणि पुढची एसटी विचारायचे.

नऊ घरं झाली. दहाव्या घरी जायला निघाले, ते घाटनांदूरच्या थांब्यावर छातीत कळ येऊन गेले.

त्यांच्या दहाव्याच्या दिवशी पंगत उठल्यावर एक अनोळखी बाई माझ्याजवळ आली. "तात्या आमच्याकडं येनार व्हते. निरोप धाडलता. काय सांगायचं व्हतं त्यास्नी?"

मी तिला बाजूला नेलं आणि घरात मुलं किती, ते विचारलं.

"एक पोरगी हाय," ती म्हणाली. "कशापायी इचारता?"