खंडेनवमीला बोललेला स्नायू

हे इथे लिहायचं म्हटल्यावर आमच्या घरात भांडण झालं. बाबा म्हणाले, "तूसुद्धा?" बाबा आयुष्यभर युनियनमध्ये. आमच्याकडे देव्हारा कधी नव्हताच, त्या कोपऱ्यात पत्रकांचे गठ्ठे असत. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. लिंबू-मिरची, दृष्ट, अंगात येणं — यांच्याविरुद्ध मी स्वतः पत्रकं लिहून चिंचवड स्टेशनबाहेर वाटली आहेत आणि उद्याही वाटेन. त्यामुळे खालचं वाचून कुणी मला "बघ, आता पटलं ना?" म्हणू नये. काहीही पटलेलं नाही. फक्त जे घडलं ते लपवणं मला जमत नाही.

माझी आत्या संशोधक आहे. स्नायू आणि नसांचे आजार हा तिचा विषय. मूळची मोशीची. तिच्या वर्गातला एक मुलगा आधी जिना चढेना, मग जमिनीवरून उठेना. गावाने निकाल दिला, "करणी हाय." पुढे तो गेला. त्याच्या स्नायूंना जन्मापासून एक प्रथिन मिळत नव्हतं, हे आत्याला कॉलेजात कळलं, आणि तेव्हापासून ती याच कामात आहे. अगोदर बरीच वर्षं तिने स्नायूंच्या आजारांवर काम केलं. मग आपल्या या पट्ट्यात अपघातात हात दुखावलेले कामगार इतके येऊ लागले, की ती नसांकडे वळली. दुखावलेली नस परत वाढते आहे, हे लवकरात लवकर कसं ओळखायचं — सध्या तिचं संशोधन यावर चालू आहे.

तिच्या प्रयोगशाळेत एक मशीन आहे. स्नायूत बारीक सुई घालायची, मशीन त्यातली वीज टिपतं आणि स्पीकरवर ऐकवतं. नसेपासून तुटलेला स्नायू स्वतःशीच बारीक टपटप करत राहतो, पण माणसाने जोर लावला तरी उत्तर देत नाही. नस पोचली की मात्र जोर लावताच लाह्या फुटल्यासारखा आवाज येतो. आत्या पडद्याकडे कमी बघते, डोळे मिटून ऐकते जास्त.

आता हारूनभाई. पिंपरीत त्यांचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे, माझी स्कूटर त्यांच्याच जिवावर चालते. चाकणच्या रस्त्यावर एका खड्ड्याने त्यांना पाडलं. (त्या खड्ड्याचं बिल कुणीतरी 'रस्ता दुरुस्त' म्हणून नक्की लावलं असणार, पण तो विषय वेगळ्या पत्रकाचा.) दंडाचं हाड जुळलं, पण आतली नस दुखावली आणि उजवं मनगट लोंबतं राहिलं. हात पुढे केला की पंजा खाली पडायचा. स्क्रू ड्रायव्हर धरता येईना. मीच त्यांना आत्याकडे नेलं. दोनदा तपासणी झाली — टपटप होती, उत्तर नव्हतं.

सर्जनचं म्हणणं सरळ होतं. तिसऱ्या तपासणीतही उत्तर नसेल तर दसऱ्यानंतर ऑपरेशन करू, दुसऱ्या स्नायूची दोरी काढून मनगटाला जोडू. हात बऱ्यापैकी चालेल. पण हारूनभाईंना 'बऱ्यापैकी' नको होता. "मॅडम, गाडी पकडायला चालेल ओ," ते आत्याला म्हणाले, "पण कार्बोरेटरचा स्क्रू हाताला ऐकू यावा लागतो. तो गेला तर मी नुसता पंक्चरवाला."

तिसऱ्या तपासणीला ते आले खंडेनवमीच्या सकाळी. त्या दिवशी आपल्याकडे काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे — मशीन बंद करायचं, पुसायचं, हळदीकुंकू, झेंडूचा हार, पेढे. चाकणच्या प्रेस शॉपपासून कोपऱ्यावरच्या शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांना सुट्टी. आत्याचा टेक्निशियन बालाजी लातूरकडचा. त्याने तिच्या मशीनचीही पूजा केली होती. आत्या पूजा करत नाही, पण पेढे खाते.

"मॅडम, आज मशीन चालवत नसतेत," बालाजी म्हणाला.

"बालाजी, त्या पेशंटच्या ऑपरेशनची तारीख ठरायचीय. मशीनला उद्या सुट्टी देऊ."

"उद्या दसरा हाय की."

"मग परवा देऊ. चालू कर."

बालाजीने तोंड वाकडं करून बटण दाबलं. आत्याने हार तसाच राहू दिला — "त्याचं मन कशाला मोडा" — आणि हारूनभाईंच्या हातात सुई घातली. सुईची वायर मशीनशेजारच्या छोट्या डबीत खोचली.

शांतता. नेहमीची टपटपसुद्धा नाही. तिथेच शंका यायला हवी होती, पण कुणालाच आली नाही. आम्ही सगळे त्या हाताकडे बघत होतो.

"हारूनभाई, मनगट वर उचला."

पंजा लोंबताच राहिला. त्यांच्या कपाळावर घाम आला. शेजारी त्यांच्या पत्नी, शाहीनभाभी, ओढणीचं टोक पिळत होत्या. "जोर लगाओ ना जी," त्या म्हणाल्या, "घर में तो बहुत लगाते हो."

आणि स्पीकर बोलला. टक... टक-टक... टक.

आत्याने डोळे उघडले. "सोडा. हात सैल." आवाज थांबला. "आता उचला." टक-टक-टक! "सोडा." बंद. पुन्हा केलं, पुन्हा तेच. लाह्याच! हारूनभाई रडायला लागले, भाभी हसायला, बालाजीने उरलेले पेढे सगळ्यांच्या तोंडात कोंबले. आत्याने मला मिठी मारली. इतकी वर्षं मोजूनमापून वागणारी बाई — आणि त्या गडबडीत सेव्हचं बटण दाबायचं राहून गेलं.

लक्षात आल्यावर तिने पुन्हा तपासायचं म्हणून हार बाजूला केला... आणि ती डबीच्या मागे चाचपू लागली.

डबीपासून मशीनपर्यंत जाणारी मुख्य वायर तिथे नव्हतीच.

"बालाजी, वायर?"

"पुसून खणात ठेवलो की, मॅडम." तो पांढराफटक पडला. "हार घालताना मधी येत होती. मी... मी लावायचं इसरलो."

म्हणजे सुई डबीला जोडलेली, आणि डबी कशालाच नाही.

आत्याने वायर लावली. पुन्हा तपासलं. टपटप होती. उत्तर नव्हतं. हारूनभाईंनी जीव तोडून मनगट उचलायचा प्रयत्न केला... नाही.

मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. आत्याने मात्र त्यांना सगळं समोर बसवून सांगितलं — काय ऐकू आलं, वायर कुठे होती, आता काय दिसतंय. मग म्हणाली, "मी रिपोर्टमध्ये 'उत्तर नाही' असंच लिहिणार. पण ऑपरेशन थोडं पुढे ढकलावं असा सल्ला देईन. दिवाळीनंतर पुन्हा बघू. तेवढ्याने तुमचं नुकसान होणार नाही, ते मी सर्जनशी बोलून घेते. गॅरेज मात्र तोवर बंद राहील. पटत असेल तरच."

मी भडकले. बाहेर नेऊन तिला म्हटलं, "आत्या, तू, तू ह्या आवाजावर थांबणार? दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याच्यावर पत्रक काढलं असतं!"

"काढ की," ती म्हणाली. "पण नीट लिही. मी आवाजावर विश्वास ठेवून थांबत नाहीये. मला तो समजला नाही म्हणून थांबतेय. जे समजलं नाही त्याच्यावर सुरी चालवायची नसते."

आतून हारूनभाईंचा आवाज आला, "मॅडम, आपण थांबतो. शाहीनचा पण हाच हुकूम आहे."

दिवाळीनंतर आम्ही परत जमलो. या वेळी वायर आत्याने तपासली, बालाजीने तपासली, मी तपासली. शेवटी शाहीनभाभींनीही ओढून बघितली. सुई आत गेली. "उचला."

टक... टक-टक.

खरा आवाज, पडद्यावर रेष, सेव्ह केलेला. ऑपरेशन रद्द. पुढे थंडी सरता सरता मनगट हलायला लागलं.

मधल्या काळात आत्याने त्या सकाळचा छडा लावायचा चंग बांधला होता. वायर काढून बालाजीच्या हातात सुई घातली. मोबाइल जवळ धरले, ट्यूबलाइट चालू-बंद केली, लिफ्ट वरखाली पळवली, हारसुद्धा तसाच घातला. भुणभुण आली, खरखर आली. टक-टक कधीच नाही. आणि भुणभुण काही माणूस जोर लावतो तेव्हाच सुरू होऊन सोडला की थांबत नाही. बालाजीचं म्हणणं ठरलेलं, "मॅडम, मी बोललो होतो आज मशीन चालवत नसतेत. तुम्ही कुठं चालवलाव? ते आपल्या मनानं चाललं." आत्या यावर खो-खो हसते, पण खोडून काढत नाही.

बाबा म्हणतात आम्हा सगळ्यांना भास झाला. असेल. पण पाच माणसांना एकाच वेळी, हारूनभाईंच्या हाताच्या तालावर? मला स्पष्टीकरण सापडलेलं नाही. सापडलं तर इथेच येऊन लिहीन, आणि माझ्याइतका आनंद कुणालाच होणार नाही. तोवर 'माहीत नाही' हेच माझं प्रामाणिक उत्तर आहे, आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही.

गेल्या आठवड्यात स्कूटर घ्यायला गॅरेजवर गेले होते. गल्ली अरुंद, समोरून बस येत होती. मी स्कूटर मागे घेताना अडकले. हारूनभाई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात पुढे केला. मनगट सरळ वर, पंजा उघडा, बोटं आकाशाकडे — थांब!

बस थांबली. मी स्कूटर काढली. तरी हात खाली येईना. ड्रायव्हर हॉर्न मारतोय, मागे रिक्षा, टेम्पो, सगळी गल्ली तुंबलेली, आणि हारूनभाई आपल्याच पंजाकडे बघत हसत उभे.

"ओ भाऊ, झालं ना!" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला.

गॅरेजच्या दारातून शाहीनभाभी त्याच्यावरच डाफरल्या, "रुक ना जरा भैया! बड़ी मुश्किल से उठा है।"