भात्याचा नकाशा

हॉस्टेलच्या खोलीत ती रात्री खोकायला लागली, तर ऐकणार कोण? महिनाभर हा एकच प्रश्न माझ्या डोक्यात ठाण मांडून बसला आहे. इथे मी ऐकते. दोन दारं पलीकडे ती खोकली, की तिसऱ्या खोकल्याला मी तिच्या पलंगाशी असते. तिचे वडील तिसऱ्या खोकल्याला कूस बदलतात. तिकडे शेजारच्या पलंगावर जी कोणी असेल, ती कानात गाणी कोंबून झोपणार.

माझ्या मुलीला घरात सगळे भाता म्हणतात. चार वर्षांची असताना तिच्या छातीतून येणारा लोहाराच्या भात्यासारखा आवाज ऐकून वडिलांनी हे नाव ठेवलं. आजारी लेकराला असं नाव ठेवतात का, म्हणून मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिला मात्र ते इतकं आवडलं, की शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारल्यावर तिने हेच सांगितलं. वडील लिफ्टदुरुस्तीचं काम करतात. कुठल्याही संकटावर त्यांचं मत ठरलेलं असतं, "वर-खाली होतच असतं."

रोज सकाळी दात घासायच्या आधी भाता एका नळीत जोर लावून फुंकते. नळीवरचा काटा जितका पुढे सरकेल, तितकी छाती मोकळी. डॉक्टर त्या नळीचं लांबलचक इंग्रजी नाव घेतात, आमच्याकडे ती फुंकणी. आकडा कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहायचा. चारशे म्हणजे चैन, साडेतीनशे म्हणजे जपून. तीनशेच्या जवळ आला की माझा चेहरा बघून तीच मला धीर देते, "आई, दमा मला आहे. तू का धापा टाकतेस?"

सातवीत तिने आमच्या भागाचा वासांचा नकाशा काढला. बेकरीचा धूर, सुताराच्या दुकानातला भुसा, रंगाचं दुकान, आणि रोज सकाळी कचरा पेटवणारा वॉचमन. वॉचमनला तिने शिंगं काढली होती. त्या नकाशावरून तिने शाळेची नवी वाट आखली. अकरा मिनिटं लांबची, पण त्या वाटेने गेलं की आकडा घसरत नसे. मला वाटलं, छंद आहे, सुटेल. बारावीनंतर तिने जाहीर केलं की ती नकाशे काढायचंच शिकणार.

"अगं, आता फोनमध्ये सगळे नकाशे असतात," तिची आत्या म्हणाली.

"फोनमध्ये तुझा फोटोही आहे आत्या. म्हणून तू यायची थांबलीस का?"

हे शिकवणारी दोनच कॉलेजं आम्हाला जमण्यासारखी होती. एक मोठ्या शहरात, नावाजलेलं. दुसरं डोंगरावरच्या लहानशा गावात. मी बारा महिन्यांचे हवेचे आकडे गोळा करून फाइल केली. शहराचा रकाना लाल, डोंगराचा हिरवागार. डोंगरावरच्या कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत ढगांचे इतके फोटो होते की इमारत दिसतच नव्हती. माझं मन तिथेच बसलं. स्वर्गाचीही इमारत कोणी पाहिलेली नाही.

भात्याने फाइल चाळली आणि म्हणाली, "ही वर्षाची सरासरी आहे. मी सरासरी श्वास घेत नाही."

मला रजा नव्हती, म्हणून दोन्ही कॉलेजं बघायला बापलेक गेले. आधी डोंगर, मग शहर. दोन्हींचा पसंतीक्रम लावायच्या अर्जाची मुदत नेमकी त्याच चार दिवसांत संपत होती आणि अर्ज भरणं हे या घरात माझं खातं. शेवटच्या दिवशी शहरातून तिचा फोन आला.

"आई, शहर पहिलं टाक. डोंगर दुसरं."

"टाकते," मी म्हणाले आणि डोंगर पहिला टाकला. पोरगी शहराच्या दिव्यांना भुलली, आईने अक्कल वापरली, असा माझा हिशेब. त्या दिवशी मी चक्क गुणगुणत भाजी चिरली.

परवा जेवताना माझा फोन वाजला. वडिलांनी मोठ्याने वाचलं, "अभिनंदन!" आणि पुढे डोंगरावरच्या कॉलेजचं नाव आल्यावर त्यांचा आवाज बसला. भाता घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

"तू उलटं टाकलंस?"

"तिथली हवा..."

ती उठली, पिशवीतून दोन मोठे कागद आणले आणि माझ्या ताटाशेजारी पसरले. पहिला डोंगराचा. गाव वाटीसारख्या खोलगट जागेत, कॉलेज वाटीच्या तळाशी. संध्याकाळी घरोघरी लाकडं पेटतात, तो धूर सकाळपर्यंत तळाशीच बसून राहतो. हवा मोजायचं यंत्र मात्र वर पाण्याच्या टाकीपाशी. तिथे तिने लिहिलं होतं, 'वस्ती: सात शेळ्या. तब्येत उत्तम.' हॉस्टेलच्या खोलीत कपाटामागे ओल आणि काळी बुरशी. पोहोचले तेव्हा ३९०. एका रात्रीनंतर ३००, पंप दोनदा. हॉस्पिटल वळणावळणाच्या रस्त्याने सव्वा तास.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?" मी नवऱ्यावर घसरले.

"वर-खाली..." त्यांनी सुरुवात केली आणि भात्याकडे बघत वाक्य गिळलं. "तूच म्हणाली होतीस ना गं, आईला सांगू नका म्हणून?"

"सांगितलं असतं तर आई पुढच्या बसने मला घरी न्यायला आली असती."

दुसरा कागद शहराचा. कॉलेज एका टोकाला, मोकळ्या माळाकडे तोंड करून. रस्त्याकडच्या खोल्यांत ३४०, मागच्या खोल्यांत ३८०. हिवाळ्याचे दोन महिने तिने स्वतःच लाल रंगवले होते, माझ्या फाइलपेक्षाही गडद. शेजारी बारीक अक्षरात, 'मास्क. खिडकी बंद. आकडा उतरला तर डॉक्टर, मग घर.' हॉस्पिटल नऊ मिनिटं चालत, 'धापा टाकत बारा.'

"एका रात्रीच्या फुंकण्यावरून तीन वर्षं ठरवायची?" मी शेवटचा प्रयत्न केला.

"तू तर न फुंकताच ठरवलीस."

काल मी दोन्ही नकाशे डॉक्टरांकडे घेऊन गेले. ते माझी बाजू घेतील अशी खात्री होती. त्यांनी चष्मा पुसून सगळं वाचलं. "शहराची हवा वाईटच आहे, मी खोटं सांगणार नाही. पण ओल हिला सोसत नाही, हे मी दहा वर्षं ओरडतोय. आणि ही पोरगी हवा बघून पावलं टाकते. याची एक प्रत मला मिळेल?" फीदेखील घेतली. मला ओरडा, तिला कौतुक.

डोंगराची जागा नाकारली तर शहराच्या दुसऱ्या यादीत तिचं नाव लागू शकतं. ते उद्या दुपारी बारापर्यंत कळवायचं, आणि अर्जावर दिलेल्या फोनवरूनच. तो माझा. भात्याने माझ्या हातातून फोन ओढला नाही, रडली नाही, रुसलीसुद्धा नाही. "मी हात लावणार नाही. तू केलंस, तू निस्तर," म्हणाली आणि झोपायला गेली. आत्ता घोरते आहे. माझी झोप उडवून घोरणं तिला बापाकडून आलं आहे.

शहराचा नकाशा मी पुन्हा उघडला. काहीतरी चूक सापडेल, या आशेनेच. मागच्या बाजूच्या कोपऱ्यातल्या खोलीच्या भिंतीवर तिने एक चिमुकला कान काढला होता. मला वाटलं, पोरीचा चाळा. मग खालची ओळ वाचली. 'पलीकडे वॉर्डनबाई. झोप कच्ची. स्वतः विचारलं. म्हणाल्या, मांजर शिंकली तरी मी उठते. ही खोली मागायची. (आईसाठी.)'

मी महिनाभर ज्या प्रश्नाने जळत होते, तो मी तिला एकदाही बोलून दाखवला नव्हता.

शहरातल्या कॉलेजचं कार्यालय साडेनऊला उघडतं. नऊ एकोणतीसला मी फोन हातात घेऊन बसणार आहे. डोंगर नको, शहर हवं, आणि जमलं तर मागची कोपऱ्यातली खोली, एवढंच बोलायचं. वॉर्डनबाईंना मात्र फोन करायचा नाही. निदान पहिला आठवडा तरी नाही.