आमच्या गावची धूळ

व्हिडिओ गेमवाल्याच्या मशीनचा सर्किट बोर्ड नागपूरच्या मेकॅनिकनं 'मेला' म्हणून परत पाठवला, तेव्हा गडचांदूरच्या माझ्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाची त्याला आठवण झाली. मी भिंगातून पाहिलं. सिमेंट कारखान्याची धूळ पावसाळी हवेनं चिपच्या पायांमध्ये गच्च बसली होती. नागपूरची धूळ फुंकरीनं उडते, आमची दगड होते. शिलाईच्या सुईनं मी एकेक पाय मोकळा केला. त्याच्या दुकानात जाऊन बोर्ड बसवला, तर पडद्यावर विमान उडालं.

तो हळूच म्हणाला, "बाई, नागपूरले दुरुस्त झाला म्हणून सांगतो. बाईनं केला म्हटलं तर लोकं हासतीन."

मी मशीन बंद करून बोर्ड काढायला घेतला.

"रागावू नका, तुमीच केला म्हणून सांगतो!"

"मले काऊन सांगता, भाऊ? बाहेर लोकं उभे आहेत, त्याहिले सांगा."